सरकारी ऑफिसच्या गेटवर गाडी थांबते, तेव्हा तिचं भाडं कोण भरतं?



जेम पोर्टलवर ऑर्डर कशी मिळवायची, यावरचे आपले व्हिडिओ बघून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पहिली सरकारी ऑर्डर मिळवली. छान झालं. आता त्या ऑर्डरचा असा भाग सांगतो जो कुठल्या ट्रेनिंगमध्ये सहसा येत नाही. माल तुमच्या दुकानातून निघाला, गाडी ऑफिसच्या गेटवर पोचली. पुढे काय? बीबीएला आम्हाला लॉजिस्टिक्स शिकवलं होतं, पण त्या पुस्तकात गेटवरचा वॉचमन नव्हता.

आमच्या दुकानातून कपाटं, टेबलं, शाळेची बाकं जातात. आमच्याकडे नेहमी येणारे एक ड्रायव्हर मामा आहेत. सतरा फुटी गाडी, स्वतःची, हप्ता चालू. कारखान्याचा माल असो, दुकानाचा असो, रात्री अकराला फोन केला तरी "येतो शेठ" म्हणतात. पण सरकारी ऑफिसचं नाव काढलं की गप्प होतात. मग म्हणतात, "दुसरं कोण मिळतंय का बघा. नाहीच मिळालं तर मी आहे."

हे एकट्या मामांचं नाही. कुठल्याही ट्रान्सपोर्ट नाक्यावर जाऊन "सरकारी गोडाऊनला माल टाकायचाय" असं सांगून बघा. एक तर भाडं वाढतं, नाहीतर गाडी "आत्ताच बुक झाली" म्हणतात. आणि गाडी नाही मिळाली तर दंड कोणाला? तुम्हाला. जेमच्या अटींप्रमाणे माल उशिरा पोचला तर उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला ०.५ टक्के कापतात, जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत. आठवड्याचा एक दिवस जरी वर गेला तरी पूर्ण आठवडा धरतात. चार-पाच टक्क्यांवर काम करणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. म्हणून ड्रायव्हरचा त्रास हा फक्त ड्रायव्हरचा विषय नाही, तुमच्या धंद्याचाही आहे.

गेटवर नेमकं काय होतं

खासगी कंपनीत माल घेणारा माणूस आणि माल मागवणारा माणूस एकमेकांना ओळखतात. सरकारी ऑफिसात ऑर्डर काढणारा विभाग वेगळा, माल घेणारं भांडार वेगळं, तपासणारी समिती वेगळी, आणि गेटवर उभा असलेला माणूस या तिघांपैकी कोणाचाच नसतो, तो एजन्सीचा असतो. त्याच्या रजिस्टरमध्ये तुमच्या गाडीचं नाव नसेल तर त्याने आत सोडायचं कशाच्या जोरावर? तो फोन लावतो. फोन उचलणारे "साहेब मीटिंगला गेलेत" म्हणतात. साहेब येईपर्यंत जेवणाची सुट्टी होते. जेवणानंतर कळतं की समितीतला एक सदस्य दौऱ्यावर आहे, आणि तिघांच्या सह्यांशिवाय गाडी उतरवायची नाही.

निवडणुकीच्या काळात तर अर्धं ऑफिस ड्युटीवर असतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उलटं होतं, बिल ३१ तारखेच्या आत बसवायचं म्हणून सगळ्यांचा माल एकदम येतो आणि गेटबाहेर गाड्यांची रांग लागते.

या सगळ्यात ड्रायव्हर कुठे असतो? रस्त्याच्या कडेला, केबिनमध्ये. आतलं स्वच्छतागृह वापरू देत नाहीत, पाणी मागितलं तर नळ दाखवतात. वयाने मोठ्या माणसाला गेटवर "ए, गाडी पुढे घे" असं एकेरीत बोलतात. ट्रॅफिकवाला येऊन "इथे उभं राहायचं नाही" म्हणतो. गाडी सोडून जाता येत नाही, कारण मागे तुमचा चार लाखांचा माल आहे. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलंच झालं. पण मामांची गाडी जुनी आहे, आणि एसी असला तरी चालू ठेवायला डिझेल जाळावं लागतं, ते कोण देणार?

दुसरी बाजूही सांगतो, कारण भांडारातल्या माणसाला शिव्या घालून काही होत नाही. डेडस्टॉक रजिस्टरला एक नग कमी निघाला तर ऑडिटमध्ये त्यालाच उत्तर द्यावं लागतं. कधीतरी कोणीतरी सप्लायर दहा खुर्च्या कमी टाकून सही घेऊन गेलेला असतो. पुढची दहा वर्षं तो माणूस प्रत्येक गाडीकडे त्याच नजरेने बघतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही मोजल्याशिवाय सही केली नसती.

मामांचा हिशोब

ड्रायव्हर नकार का देतो हे समजायला एकदा त्याच्या बाजूने आकडे मांडून बघा. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या भागातले वेगळे असतील.

सांगलीहून पुणे, साधारण २४० किलोमीटर. समजा भाडं ठरलं १४,००० रुपये. डिझेल, टोल मिळून ६,५०० गेले. राहिले ७,५००. माल त्याच दिवशी उतरला तर जाऊन-येऊन दोन दिवसांत काम संपलं, शिवाय परतीचं भाडं मिळायची शक्यता. आता गाडी तीन दिवस गेटवर अडकली असं धरा. तेच ७,५०० पाच दिवसांत वाटले, दिवसाला १,५००. गाडीचा हप्ता महिन्याला ३८,००० असेल तर दिवसाला जवळजवळ १,२७० रुपये त्यातच गेले. हातात राहिले २३० रुपये. त्यात त्याचं आणि क्लीनरचं दोन वेळचं जेवण. टायर आणि विमा अजून धरलेलाच नाही. परतीचं भाडं तर केव्हाच गेलं.

ट्रकवाल्याला पैसे फेरीचे मिळतात, वेळेचे मिळत नाहीत. म्हणजे गेटवरचा प्रत्येक तास सरकार फुकट वापरतं, आणि तो तास तुम्ही भाड्यात धरला नसेल तर तो मामांच्या खिशातून जातो. दोन वेळा गेला की तिसऱ्या वेळी मामा फोन उचलत नाहीत.

शुक्रवारची गाडी

आमच्या दुकानात एक नियम आहे. शुक्रवारी पोचेल अशी गाडी सरकारी ऑफिसला पाठवायची नाही. कारण सांगतो.

महाराष्ट्र सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला. राज्य सरकारच्या बहुतेक कार्यालयांची वेळ सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५, शनिवार-रविवार बंद. रुग्णालयं, पोलीस, शाळा अशा ठिकाणांना हे लागू नाही, पण कलेक्टर ऑफिस, संचालनालय, आयुक्तालय यांना लागू आहे.

आता ई-वे बिल बघा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल १ लाखाच्या वर असेल, किंवा राज्याबाहेर जाताना ५०,००० च्या वर असेल, तर ते लागतं. जानेवारी २०२१ पासून नियम असा आहे की दर २०० किलोमीटरला एक दिवस. २४० किलोमीटर म्हणजे दोन दिवस. तुम्ही गुरुवारी संध्याकाळी गाडी नंबर टाकून बिल काढलंत, तर पहिला दिवस शुक्रवारी मध्यरात्री संपतो आणि दुसरा शनिवारी मध्यरात्री. गाडी शुक्रवारी दुपारी गेटवर. साहेब नाहीत. "सोमवारी या."

शनिवारी मध्यरात्री ई-वे बिल संपलं. मुदत वाढवता येते, पण संपायच्या आधीचे ८ तास आणि संपल्यानंतरचे ८ तास एवढ्याच वेळात. म्हणजे शनिवारी दुपारी ४ पासून रविवारी सकाळी ८ पर्यंत. त्या वेळात तुमचा अकाउंटंट घरी असतो आणि तुम्ही कुणाच्या तरी लग्नात. सोमवारी ऑफिसने "इथे नको, दुसऱ्या गोडाऊनला न्या" म्हटलं, गाडी रस्त्यावर आली, आणि जीएसटीच्या पथकाने अडवली तर कलम १२९ खाली कराच्या २०० टक्के दंडाची भाषा सुरू होते. गाडी अडकते मामांची, कागद चुकलेला असतो मालकाचा.

म्हणून दोन गोष्टी. सोमवार ते बुधवार सकाळी पोचेल अशा बेताने माल काढा. आणि बिल काढलं की मोबाईलमध्ये मुदत संपायच्या वेळेचा अलार्म लावा. बिलात ट्रान्सपोर्टर आयडी टाकला असेल तर मुदत ट्रान्सपोर्टरने वाढवायची असते, नाहीतर ज्याने बिल काढलं त्याने. हे आधीच ठरवून ठेवा. रविवारी सकाळी साडेसातला "तुम्ही की आम्ही" हा वाद घालू नका.

एक अडचण अजून आहे. मोठ्या शहरांत जड वाहनांना दिवसा ठरावीक वेळात आत यायला बंदी असते. ऑफिस उघडं असतं तेव्हा नो एंट्री, आणि एंट्री असते तेव्हा ऑफिस बंद! यावर उपाय एकच, शहराबाहेर माल लहान गाडीत भरायचा, म्हणजे छोटा हत्ती किंवा पिकअप. त्या बदलाचा खर्च आणि हमाली आधीच धरा. आणि गाडी बदलली की ई-वे बिलात नवीन गाडीचा नंबर टाका, हे बरेच जण विसरतात.

काटेकोर गेट

खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा इथल्या आयुध निर्माण्यांसारख्या ठिकाणी माल द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये आयुध निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, पण गेट तेवढंच कडक आहे, आणि ते असायलाच हवं. अशा ठिकाणी गाडीची आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस, ड्रायव्हरचं लायसन्स, ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांचे ओळखपत्र, सगळं बघतात. क्लीनर बदलला आणि त्याचं नाव आधी कळवलेलं नसलं की तो बाहेर थांबतो, आणि आत ताडपत्री सोडायला मामा एकटे.

मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, आणि बऱ्याच गाड्या इथेच अडकतात. हल्ली आपण चलन, ई-वे बिल, ऑर्डर सगळं व्हॉट्सॲपवर पाठवतो. मोबाईल जमा झाला की मामांच्या हातात कागद शून्य. आतला माणूस ऑर्डर नंबर विचारतो, तो मोबाईलमध्ये आहे, मोबाईल गेटवर आहे. त्यामुळे प्रत्येक कागदाच्या तीन छापील प्रती एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून द्या. वर मोठ्या अक्षरात ऑर्डर नंबर, विभाग, घेणाऱ्याचं पद, भांडाराचा नंबर आणि तुमचा नंबर. वीस रुपयांचा फोल्डर आहे, अर्धा दिवस वाचवतो.

माल उतरवायचा कोणी

महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांची जुनी मागणी आहे, "ज्याचा माल, त्याचा हमाल". म्हणजे भरायची-उतरवायची वाराई ट्रकवाल्याच्या गळ्यात मारू नका. मागणी रास्त आहे. पण जेमची किंमत ही माल जागेवर पोच, चढवण्या-उतरवण्यासकट अशी असते. म्हणजे ऑफिस म्हणणार, "उतरवून द्या, तुमच्या दरात आहे." ते कागदावर बरोबर आहे. मामा म्हणणार, "गाडी लावून दिली, माझं काम संपलं." तेही बरोबर आहे. मधला हमाल तुमचा.

तुम्ही तो धरला नाही तर काय होतं बघा. पन्नाशीचा माणूस आणि एक पोरगा क्लीनर मिळून लोखंडी कपाटं दुसऱ्या मजल्यावर चढवतात, कारण त्याशिवाय पोच मिळणार नाही. एखाद्याची कंबर गेली तर तो महिना गेला. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता, त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम लिहिलं होतं. पण स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्याचे तास कोण मोजतो?

काही गोदामांत १९६९ च्या माथाडी कायद्याखालच्या नोंदणीकृत टोळ्याच माल उतरवतात, बाहेरचे हमाल चालत नाहीत. तिथे दर ठरलेले असतात, पावती मिळते, ते उलट सोपं. ऑर्डर घेतल्याबरोबर भांडारात फोन करून विचारा. कुठल्या मजल्यावर? लिफ्ट आहे का? गाडी दारापर्यंत जाते का? हमाल तुमचे की आमचे? हे चार प्रश्न बोली लावायच्या आधी विचारता आले तर अजून चांगलं, कारण नंतर दर बदलत नाही.

सहीचा प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ सहीत जातो. मामांना सही-शिक्क्याची पोच हवी, नाहीतर ट्रान्सपोर्टर उरलेलं भाडं देत नाही. भांडारपालाला तपासणी झाल्याशिवाय सही करायची नसते. दोघंही आपापल्या जागी अडलेले.

यातून वाट आहे. चलनावर खाली एक ओळ छापून घ्या: "वरील नग मोजून मिळाले. दर्जाची तपासणी बाकी." खाली तारीख, वेळ, सही, शिक्का यासाठी जागा. भांडारपालाला फक्त मोजणीची सही करायची असते, दर्जाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा तो तयार होतो. मालाचे नग मोजायला सोपे हवेत. प्रत्येक बंडलवर नंबर, "१ पैकी ४०" असा. चाळीस बंडलं दहा मिनिटांत मोजून होतात. सुटी टाकलेली बाकं मोजायला तास लागतो आणि आकडा दोनदा चुकतो.

तेवढंही नाही झालं तर गेटच्या रजिस्टरमधली आवक नोंद, तिचा नंबर आणि वेळ मामांना लिहून आणायला सांगा. आणि गाडी गेटवर पोचली त्याच तासात ऑर्डरमध्ये दिलेल्या पत्त्यावर ईमेल करा: "गाडी क्रमांक अमुक आज इतक्या वाजता आपल्या गेटवर हजर आहे." उशीर कोणामुळे झाला हे उद्या सिद्ध करायला दंडाच्या वेळी हाच कागद उपयोगी पडतो.

जेमवर माल मिळाल्यावर ४८ तासांत पीआरसी, म्हणजे माल पोचल्याची तात्पुरती पावती, आणि १० दिवसांत सीआरएसी, म्हणजे स्वीकारल्याचं प्रमाणपत्र निघायला हवं. त्यानंतर १० दिवसांत पैसे. हे घड्याळ माल मिळाल्याच्या तारखेपासून चालू होतं, म्हणून ती तारीख कागदावर आणणं महत्त्वाचं.

तुम्ही स्वतः उत्पादन करत असाल आणि उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु असाल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याचा आधार आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर पोचला त्याच दिवशी माल स्वीकारला असं कायदा मानतो. पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. पण फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली ती प्राधान्य कर्जापुरतीच, हा व्याजाचा हक्क त्यांना त्यातून मिळत नाही. आपल्यातले निम्मे लोक व्यापारी आहेत, त्यामुळे हे नीट लक्षात ठेवा.

मामांशी काय ठरवायचं

आम्ही असं करतो. भाडं ठरवताना "माल सरकारी ऑफिसला आहे" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. गेटवर पोचल्यापासून पहिले सहा तास भाड्यात धरलेले. त्यानंतर हॉल्टिंग, दिवसाचा आकडा आधी ठरलेला आणि बिल्टीवर लिहिलेला. तो आकडा किमान त्याच्या दिवसाच्या हप्त्याएवढा आणि जेवणाएवढा असावा, वरच्या हिशोबाने १,७०० ते १,८००. भाड्याचा ८० टक्के भाग माल निघताना द्यायचा, राहिलेला पोच मिळाल्यावर, पण ऑफिसने सही अडवली तर गेटची आवक नोंद हीच पोच धरायची. ऑफिसच्या अडवणुकीसाठी मामांचे पैसे अडवायचे नाहीत.

बोली लावताना एक दिवसाचं हॉल्टिंग आणि उतरवायची हमाली किमतीत धरूनच लावायची. यामुळे कधीकधी ऑर्डर हातची जाते. जाऊ दे. ज्याने ते धरलं नाही तो ड्रायव्हरच्या जिवावर स्वस्त झालाय, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरला त्याला गाडी मिळत नाही, हे मी माझ्याच गावात बघतोय.

आता चहापाण्याचं. गेटवर दोनशे, आत पाचशे असं कोणी मागितलं तर ड्रायव्हर बिचारा सुटका व्हावी म्हणून स्वतःच्या खिशातून देतो आणि तुम्हाला सांगतही नाही. त्याला आधीच सांगून ठेवा: "द्यायचे नाहीत, मला फोन करा, थांबावं लागलं तर हॉल्टिंग मी देतो." त्याच्यामागे तुम्ही उभे असाल तरच तो नाही म्हणू शकतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४, तोही त्या फोल्डरवर लिहून ठेवा.

गाडी पोचायच्या आदल्या दिवशी दुपारी भांडारात एक फोन करा आणि गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, अंदाजे वेळ सांगून गेटवर नोंद करायला लावा. फोनवर बोललेल्याचं नाव आणि पद फोल्डरवर लिहा. मामा गेटवर जाऊन "माल आणलाय" म्हणाले तर वॉचमन "थांबा" म्हणतो. "अमुक मॅडमशी काल बोलणं झालंय, रजिस्टरला बघा" म्हणाले की तो आधी रजिस्टर उघडतो. मॅडमचा लँडलाइनचा विस्तार क्रमांकही घ्या, मोबाईल त्या मीटिंगमध्ये उचलत नाहीत.